घटाची माती

आमच्या घराण्यात एक गोष्ट सांगितली जाते. दादाची पहिली बायको, म्हणजे माझी थोरली वहिनी सुभद्रा, हिनं ज्या वर्षी पहिल्यांदा नवरात्रातल्या घटाला पाणी घातलं त्या वर्षी घट करपला. देवीनं कौल दिला, म्हणून तिला माहेरी पोचवलं आणि दादाचं दुसरं लग्न झालं. ही गोष्ट माझ्या पुतण्यांना त्यांच्या आईनं सांगितली, त्यांनी ती आपल्या सुनांना सांगितली, आणि दर वेळी मी तिथंच बसून, मान खाली घालून ऐकत आलो. गोष्ट खोटी आहे. घट करपला हे खरं, पण त्यात देवीचाही हात नव्हता आणि वहिनीचाही नव्हता. खरं काय झालं ते जिवंत माणसांत आता मला एकट्याला ठाऊक आहे. माझे डोळे पूर्ण जायच्या आत ते कागदावर उतरवायचं, एवढंच आता माझ्याकडून व्हायचं राहिलं आहे.

आम्ही परतूरचे तांबट. तेव्हा निजामाचं राज्य होतं. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, आणि आमच्या आळीत पहाटेपासून ठोक्यांचा आवाज. बाहेरगावच्या पाहुण्याला त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे. आम्हाला आवाज थांबला की दचकायला व्हायचं, कारण ठोके थांबले म्हणजे आळीत कुणीतरी गेलं असा त्याचा अर्थ. माझे वडील, आबा, हंडे आणि घागरी घडवत. त्यांचा ठोका सावकाश आणि जड, दादाचा हलका आणि भराभर. डोळे मिटून पडलो तरी कोण कुठल्या भांड्यावर बसलं आहे हे मला कळायचं. भट्टी घराच्या मागच्या बाजूला होती. तिथं भात्यावर मस्तानचाचा बसत. आबांच्या वडलांच्या वेळेपासून ते आमच्याकडं होते. माय त्यांना वेगळ्या ताटलीत भाकरी द्यायची, पण त्यांची भाकरी सगळ्यांत आधी वाढायची. न्याहारीला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कधी मिरचीचा ठेचा. तांब्याच्या धुराची चव जिभेवर कायम असायची, अगदी गोड खाल्लं तरी. अजूनही कधी जुनी तांब्याची कळशी घासायला काढली आणि तो वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि लगेच ती कळशी नजरेआड करावीशी वाटते. दोन्ही एकदम होतं.

भट्टीच्या मागं एक उतार होता, पुढं नाला. आजोबांच्या आधीपासून घरातलं सगळं तिकडं जायचं. भांडं तापवून ठोकलं की काळं पडतं, मग ते चिंचेच्या पाण्यात नाहीतर तेजाबात, म्हणजे ॲसिडात, बुडवून उजळायचं. ते पाणी हिरवं-निळं व्हायचं, आणि मग उतारावर ओतलं जायचं. जुनं पितळ वितळवताना जस्ताचा पांढरा धूर उठायचा, त्याची भुकटी तिथंच बसायची. भट्टीची राख, भांडी घासलेली वाळू, कल्हईची खरड, सगळं तिथंच. दोन-तीन पिढ्यांचं. त्या उतारावर हराळीसुद्धा धरत नसे. पावसाळ्यात नाल्याचा पलीकडचा काठ माणसाच्या कमरेएवढा गवतानं भरायचा आणि आमच्या बाजूचा काठ बोडका. कुणी विचारलं तर आबा म्हणायचे, "भट्टीची आग लागती जमिनीला." आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलेलं होतं. त्यापुढं कुणी विचार केला नाही. माणूस जिथं जन्मतो तिथल्या बोडक्या जागेकडं त्याचं लक्ष जात नाही.

लक्ष गेलं ते वहिनीचं. ती भोकरदनकडची. तिच्या माहेरीही तांबटकीच, पण धंदा थोडा आणि वावर जास्त. लहानपणापासून ती कोळपणी, खुरपणी करत आलेली. तिच्या तळहाताला घट्टे होते, आणि आमच्या आळीतल्या बाया तिला हसायच्या, "तांबटाची सून का कुणब्याची?" लग्न होऊन आली त्याच पावसाळ्यात तिनं भट्टीमागं वालाचं बी टोचलं. वेल वितभर आले, पानं शिरांमधून पिवळी पडली, आणि पंधरा दिवसांत गळून गेली. तिनं एक वेल उपटून मुळं पाहिली, माती बोटांत चोळली, वास घेतला. मी तिथंच ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो.

"भाऊजी, ही जागा चांगली न्हाई," ती म्हणाली. "मुळ्या बघा कशा आखडल्यात. आगीनं न्हाई व्हत असं. मातीतच काहीतरी हाय."

"मंग देवीला नारळ फोडा," मी म्हणालो. मॅट्रिकला मला अजून दोन वर्षं होती आणि मला सगळ्यांची थट्टा करायची सवय होती.

ती हसली. तिनं पुढच्या अंगणात, न्हाणीच्या पाण्यावर, पुन्हा वाल लावला. तो असा काही फोफावला की छपरावर गेला. त्या वालाच्या शेंगांची भाजी मी दोन वर्षं खाल्ली. सणावाराला धपाटे करायची तेव्हा माझ्यासाठी एक जास्तीचं कडक भाजून फडक्यात बांधून ठेवायची, कारण मी अभ्यासाला जागतो असं तिला वाटायचं. मी बहुतेक वेळा अभ्यास करत नसे.

तिसऱ्या वर्षी मायचे गुडघे धरले. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "सुभद्रे, औंदा घटाचं तूच बघ. मला काही उठा-बसायला व्हईना." वहिनीला केवढा आनंद झाला होता! आमच्याकडं घट म्हणजे घराची वर्षाची परीक्षा. टोपलीत वावरातली माती पसरायची, तिला आम्ही वावरी म्हणतो. तिच्यात ज्वारी, गहू, हरभरा असं सात प्रकारचं धान्य पेरायचं, मधे पाण्यानं भरलेला घट ठेवायचा, आणि नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही. रोज फुलांची एक माळ वर बांधायची. धान्य जसं उगवेल तसं वर्ष जाईल, तसं घरात लेकरू-बाळ होईल, असं सगळे धरून चालत. दसऱ्याला तेच अंकुर उपटून पुरुष फेट्यात तुरा खोवतात आणि सीमोल्लंघनाला जातात. लग्नाला दोन वर्षं होऊन वहिनीची कूस उजवली नव्हती. त्यामुळं तिनं घट मांडायचा याला घरात एक न बोललेला अर्थ होता.

वावरी आणायचं काम माझं. आमचं थोडं वावर होतं, दुधना नदीच्या अंगाला, दीड कोसावर. आंघोळ करून, अनवाणी, सूर्य उगवायच्या सुमाराला जायचं आणि येताना कुणाशी बोलायचं नाही. आबांनी आदल्या दिवशी दोनदा बजावलं. पण दोन दिवस पाऊस लागून राहिला होता, आणि काळ्या रानातला चिखल काय असतो हे ज्याला माहीत आहे त्याला मी वेगळं सांगायला नको. पायाला मणाची पायताणं बांधल्यासारखं होतं. शिवाय स्टेशनावरच्या चहावाल्यानं नवा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, आणला होता. सकाळची गाडी निघून गेली की तो पहिल्यांदा वाजवणार होता, आणि माझ्या वर्गातली सगळी पोरं जमणार होती. मी वावरात गेलो असतो तर ते चुकलं असतं. एवढंच कारण होतं. आज इतक्या वर्षांनी मी याहून मोठं, निदान जरा शोभेलसं कारण शोधून पाहिलं. नाही सापडत.

मी टोपली घेऊन घराला वळसा घातला आणि भट्टीमागच्या उतारावर बसलो. माती काळी होती, चाळलेल्या पिठासारखी मऊ, वावरातल्या ढेकळांपेक्षा दिसायला कितीतरी चांगली. वर कुठंकुठं हिरवट झाक होती, ती मी हातानं बाजूला केली. मस्तानचाचा भट्टी पेटवायला लवकर आले होते.

"क्या भर रा रे?" त्यांनी विचारलं.

"काही न्हाई चाचा. माती."

"उसमें क्या लगाते? घास बी नै उगती उसमें."

मी टोपलीवर पंचा टाकला आणि निघालो. पाय कोरडे दिसतील म्हणून नाल्यात उतरून गुडघ्यापर्यंत चिखल माखला. मग स्टेशनावर गेलो, टोपली भिंतीच्या आडोशाला ठेवली आणि फोनो ऐकला. बाईचा आवाज होता, गाणं कुठलं ते आता आठवत नाही. परत आलो तेव्हा दारात रांगोळी घातलेली होती. वावरी आणणाऱ्याचे पाय धुवायची आमच्याकडं रीत. वहिनी नवं लुगडं नेसून तांब्या घेऊन उभी होती. तिनं माझ्या पायांवर कोमट पाणी ओतलं, वाकून तो चिखल आपल्या हातांनी चोळून काढला. "किती चिखल व्हता हो, भाऊजी!" ती म्हणाली. मायनं मला कुंकू लावलं. आबा म्हणाले, "बिलकुल बोलला न्हाई ना वाटेत कुणाशी?" मी मान हलवली.

पहिल्या तीन माळा चांगल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी मातीतून पांढरी टोकं दिसायला लागली आणि वहिनीनं मला हाताला धरून देवघरात नेलं. गहू आले होते, ज्वारी आली होती. चौथ्या दिवशी अंकुर नखाएवढे झाले आणि तिथंच थांबले. पाचव्या दिवशी नखाएवढेच. शेजारच्या काकूंचा घट तोवर चार बोटं उंच झाला होता. आमच्या गव्हाची पाती पिवळी, टोकाला करपलेली. ज्वारीची पानं जांभळट पडून दुमडली. हरभरा फुगला आणि तसाच सडला. संध्याकाळी आरतीला आलेल्या बाया हात जोडायच्या, घटाकडं बघायच्या, मग एकमेकींकडं बघायच्या. एकीनं मायला विचारलं, "पाणी घालती ना बराबर तुमची सून?" माय वाती वळत राहिली.

सहाव्या माळेला सकाळी मी न्हाणीपाशी दात घासत होतो. वहिनी देवघरातून बाहेर आली. तिच्या चिमटीत घटाची थोडी माती होती, कडेची, वाळलेली. वाळल्यावर तिच्यावर हिरवट पांढरा फुलोरा आला होता. ती बोटांत चोळून तिनं वास घेतला, जसा दोन वर्षांपूर्वी वालाच्या मुळाशी घेतला होता. मग माझ्याकडं सरळ बघून तिनं विचारलं,

"भाऊजी, माती वावरातलीच आणली ना?"

आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता. मुलाला पोट दुखतं तेव्हा आई विचारते ना, काय खाल्लंस, तसं. मी त्याच क्षणी हो-नाही करून सगळं सांगून टाकलं असतं तर आबांनी मला बदडलं असतं, मायनं दोन दिवस अबोला धरला असता, घटाची माती बदलून प्रायश्चित्त घेतलं असतं, आणि पुढच्या शिमग्यापर्यंत माझी थट्टा झाली असती. मला हे सगळं तेव्हाही दिसत होतं. पण मॅट्रिक झालो की मला औरंगाबादला शिकायला पाठवायचं आबांच्या मनात होतं, आणि ते अजून पक्कं नव्हतं. तेजाबाच्या आणि थुंकीच्या उकिरड्यावरची माती मी देवीपुढं ठेवली हे कळलं असतं तर आबांनी मला शाळेतून काढून घणावर बसवलं असतं.

"वावरातलीच," मी म्हणालो. "मंग काय घरात खणली?"

"तसं न्हाई हो. उगी विचारलं." ती आत गेली. तिनं पुन्हा मला कधीच विचारलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी आबांनी घट हलवला. अंकुर उपटले तर मुळं बोटाच्या पेराएवढीसुद्धा नव्हती. जाड, तोकडी, टोकाला काळी, चटका दिलेल्या दोऱ्यासारखी. तुरा खोवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. आबा तसाच फेटा बांधून सीमोल्लंघनाला गेले. वेशीपाशी सगळी आळी जमलेली, ज्याच्या-त्याच्या फेट्यात हिरवा-पिवळा तुरा. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "का हो तांबट, घागरी घडवता, अन् घटच बिघडला का?" लोक हसले. आबा पण हसले. मी त्यांच्या मागंच होतो, त्यांच्या मुठीत धोतराच्या निऱ्या घट्ट आवळलेल्या मला दिसत होत्या.

घरी माझी आत्या येऊन बसली होती. तिचा शब्द आबा मोडत नसत. ती ओसरीवर बसून, वहिनीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "दोन सालं झाली, कूस उजवली न्हाई. आता देवीनं घट बी उगू दिला न्हाई. आणखी काय तोंडानं सांगावं तिनं? ही बाई हात लावील ते करपणार." चुलीपाशी वहिनी पुरणपोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

मला अजून आशा होती की दोष माझा नसेल. म्हणून मी एक गोष्ट केली, आणि ती केली नसती तर कदाचित आज मला एवढी झोप उडवणारी खंत नसती. मी दुसऱ्या दिवशी खरोखर वावरात गेलो, माती आणली. दोन फुटकी खापरं घेतली. एकात वावरातली माती, एकात उताराची, दोन्हींत मूठभर गहू, सारखंच पाणी. भट्टीच्या छपराआड ठेवली. आठ दिवसांत एका खापरात हिरवीगार, दाट पाती उभी राहिली. दुसऱ्यात ती पिवळी नखं. मी दोन्हींतला एकेक गहू उपटला. एकाची मुळं पांढरी, लांब, केसासारखी पसरलेली. दुसऱ्याची तीच आखडलेली काळी टोकं. म्हणजे आता मला नुसता संशय उरला नव्हता.

मागं मस्तानचाचा उभे होते. किती वेळचे, कोण जाणे.

"मैं उसी दिन बोला था तेरेकू," ते म्हणाले. "अब ये दोनों खापर उठा, और माँ के सामने रख दे. कुछ बोलने का काम नै. देख के समझ जाती."

"चाचा, आबा मारतील."

"मारने दे. दो दिन दुखता. उस बच्ची का तो घर जाता है रे."

"तुम्ही सांगा ना मंग."

त्यांनी भात्याचा दांडा सरळ केला. "तुमारे देवी की बात मैं बोलूँ? आजकल? कौन सुनता मेरी? उलटा बोलेंगे इसीच ने कुछ किया." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तू बोल बेटा. तेराच बोलना है ये."

ते दिवस कसे होते ते माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. हिंदू-मुसलमान माणसं एकमेकांच्या दारावरून जाताना ओळखीनं खाकरतसुद्धा नव्हती. चाचांचं म्हणणं खरं होतं. मी दोन्ही खापरं उचलली. घराच्या मागच्या दारापर्यंत गेलो. आत माय आणि आत्या बोलत होत्या. मी वळलो आणि दोन्ही खापरं नाल्यात टाकली. चाचांनी ते पाहिलं. त्यानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत, पण मला 'बेटा' म्हणाले नाहीत.

दादाला काही बोलता आलं असतं का? मला वाटतं, त्याचा जीव होता तिच्यावर. ज्या दिवशी आबांनी वहिनीला माहेरी पोचवायचा निर्णय सांगितला त्या दिवशी तो एकच परात घेऊन ठोकत बसला. सकाळपासून दुपारपर्यंत एकच परात. तांबं पातळ होत होत शेवटी फाटलं. आमच्या घरात काम बिघडलं की आबा ओरडत. त्या दिवशी त्यांनी ती फाटकी परात उचलून मोडीत टाकली.

दिवाळीच्या आधी वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला. जालन्यापर्यंत गाडीनं, पुढं बैलगाडीनं जायचं होतं. सामान घेऊन मी स्टेशनावर गेलो. दादा आला नाही. चहावाल्याचा फोनो चालू होता. वहिनी ट्रंकेवर बसली होती, डोक्यावरचा पदर पुढं ओढून, आणि तिचे ते घट्टे पडलेले हात मांडीवर उताणे ठेवलेले होते. गाडी दिसायला लागली तेव्हा ती उठली आणि तिनं माझ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी दिलं. दोन धपाटे होते, कडक भाजलेले.

"परीक्षेचा अभ्यास करा, भाऊजी," ती म्हणाली. "अन् वालाच्या शेंगा उतरवा बरं येत्या दोन दिवसांत. जून होतील. मायच्यानं शिडीवर चढवत न्हाई."

मी शेंगा उतरवल्या नाहीत. त्या वेलावरच वाळून वाजत राहिल्या. पुढच्या वर्षी दादाचं दुसरं लग्न झालं, मी औरंगाबादला गेलो. निजामाचं राज्य गेलं त्या सुमारास मस्तानचाचा आपल्या मुलाकडं निघून गेले. मी तेव्हा गावात नव्हतो, आणि त्यांची पुन्हा गाठ पडली नाही. मी मास्तर झालो. विज्ञान शिकवलं. मुलांकडून ओल्या टिपकागदावर मूग उगवून घ्यायचा पाठ दर वर्षी असायचा, आणि तो मी दर वर्षी दुसऱ्या मास्तरांकडं ढकलायचो. पुढं एका पुस्तकात वाचलं की तांबं आणि जस्त झाडाला लागतं, पण कणभर. जमिनीत ते फार साठलं तर पहिल्यांदा मुळाची वाढ खुंटते, आणि ते शेकडो वर्षं तिथून हलत नाही. मी ते पान मिटलं. वहिनीनं हेच मला ओट्यासमोर उभं राहून सांगितलं होतं, वालाचा वेल हातात धरून, आणि तिला अक्षर येत नव्हतं.

दादाची मुलं भली आहेत. ती माझं सगळं करतात. ती वहिनी गेली नसती तर ही मुलं जन्मलीच नसती, हेही मला दिसतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत हे लिहितो आहे. त्यांनी मला क्षमा करावी असं मी म्हणत नाही, कारण त्यांचं मी काही बिघडवलेलं नाही. ज्यांचं बिघडवलं ती दोन्ही माणसं गेली.

तिला मी एकदा भेटलो. आम्ही दोघंही पन्नाशीच्या पुढं होतो. शाळेच्या कामानं भोकरदनला गेलो होतो, बाजारचा दिवस होता. ती गोणपाटावर भेंडी, गवार मांडून बसली होती. मी ओळखलं ते हातांवरून. तिनं मला बसायला गोणपाटाची कड झटकून दिली, पोरांची चौकशी केली, दादाची केली, मायची केली. मग गिऱ्हाईक नाही असं बघून आवाज खाली आणून म्हणाली,

"भाऊजी, एक सांगू का? आता म्हातारपणी कसली लाज. त्या घटाचं माझ्याच चुकीनं झालं."

मी गोणपाटावरची एक भेंडी उचलून बघत बसलो.

"चौथ्या माळेला मी बाहेरची झाल्ते. कडेला बसायला पायजे व्हतं. पण पहिल्यांदाच मायनं माझ्या हाती दिल्ता घट. वाटलं, आता सांगावं तर कूस बी उजवली न्हाई अन् घट बी सोडला. न्हाई सांगितलं. तशीच पाणी घालत राह्यले. देवीला काय दिसत न्हाई का?" तिनं पदरानं भेंडीवरची धूळ पुसली. "तुमच्या दादाला सांगा कधीतरी. म्हणावं, तिला माहीत व्हतं तिचं काय चुकलं ते. राग न्हाई कुणावर."

माझ्या तोंडाशी आलं होतं. पस्तीसेक वर्षं ती दुसऱ्याच कुणाच्या पापाखाली चालत होती, आणि ते ओझं उतरवायला मला एक वाक्य पुरलं असतं. तेव्हा आबा नव्हते, मार नव्हता, औरंगाबाद नव्हतं. मग मी का नाही बोललो? मला वाटलं, बोललो तर ती माझ्याकडं बघेल. एवढंच. तिनं मला फडक्यात बांधून भेंडी दिली आणि मी ती घेतली.

मागच्या नवरात्रात मी मनाचा हिय्या केला. पुतण्याला म्हणालो, मला भोकरदनकडं घेऊन चल, एक जुनं काम आहे. तिच्या भावाचं घर सापडलं. ती दिवाळीनंतर गेली होती, सालही पुरं झालं नव्हतं. तिच्या भाच्याच्या बायकोनं मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. देवघराचं दार उघडं होतं. आत घट होता, पाचवी माळ, पाती वीतभर, दाट, हिरवी. माझी नजर तिथून हलेना.

"आत्याबाई कधी घटापाशी जात नव्हत्या," ती मुलगी म्हणाली. "वावरात त्यांच्या हातचं असं यायचं की लोक बी मागायला यायचे. पण घटाला पाणी घाला म्हणलं की म्हणायच्या, नको बाई, माझा हात लागला की करपतं. नऊ दिवस हिथं, तुम्ही बसलाव ना तिथंच, ओसरीवर बसायच्या. फक्त एक विचारायच्या, दर साली, घट बसला की. पोरी, माती वावरातलीच आणली ना?"

मी म्हणालो, "न्हाई. घरामागची होती."

ती माझ्याकडं बघत राहिली. म्हातारा माणूस, उन्हातून आलेला, असं तिला वाटलं असणार. तिनं माझा रिकामा पेला उचलला आणि हळूच म्हणाली,

"आमची वावरातलीच असती, बाबा."